डोळ्यांपुढे काजवे चमकल्यानंतर

विजयादशमीची सकाळ. म्हैसूरच्या अंबाविलास राजवाड्यात आतल्या चौकात लाल मातीचा आखाडा तयार केलेला असतो. जंबू सवारीला अजून अवकाश असतो. वरुणा, नंजनगूड, टी. नरसीपूर अशा आसपासच्या गावांतून आलेली माणसे बाहेर रस्त्याच्या दुतर्फा जागा धरून बसलेली असतात. आत मात्र मोजक्या लोकांसमोर आणि राजघराण्याच्या साक्षीने दुसराच एक सोहळा होतो. डोके तासून गुळगुळीत केलेले, लंगोट कसलेले जेट्टी समोरासमोर उभे राहतात. प्रत्येकाच्या उजव्या मुठीत वज्रमुष्टी असते, म्हणजे बोटांच्या सांध्यांवर बसणारे टोकदार हत्यार. उस्तादाने खूण केली की ते एकमेकांना भिडतात. मारायचे ते डोक्याच्या रोखाने. कोणी कोणाला कुठे मारले हे पाहणाऱ्याला नीट कळायच्या आत एकाच्या डोक्यावर रक्ताचा थेंब उमटतो आणि लढत तिथेच थांबते. सगळा प्रकार बहुधा मिनिटभरातच आटोपतो. मग मिरवणुकीची गडबड सुरू होते.

नवख्या माणसाला हे पाहून शहारे येतात. आजच्या काळात असला रक्तपात कशाला, असेही कोणी म्हणते. पण या लढतीचा नियम मोठा विचार करायला लावणारा आहे. पहिला थेंब दिसला की संपले. हरणाऱ्याला पुन्हा उभे राहून आणखी चार ठोसे खाण्याची मुभा नाही. त्याने कितीही आग्रह केला तरी नाही.

हा नियम पूर्वीपासून इतका सौम्य नव्हता. जेट्टी म्हणजे संस्कृत ग्रंथांतले ज्येष्ठीमल्ल. त्यांची मुळे गुजरातेत मोढेऱ्याकडे सांगितली जातात आणि निंबजा ही त्यांची देवी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ सिद्ध केला. मराठी वाचकांना हा ग्रंथ बहुधा त्यातल्या खाद्यपदार्थांमुळे ठाऊक असतो, पण त्यात मल्लांच्या खुराकाचे, कसरतींचे आणि लढतींचेही वर्णन आहे. मराठीच्या जुन्या कोशांतही ‘जेठी’ हा शब्द पहिलवान या अर्थाने सापडतो. याच मंडळींचा हाडे बसवण्यात हातखंडा, असेही जुन्या नोंदी सांगतात. मोडणारा आणि जोडणारा एकाच घरातला, हा आपल्याकडच्या आखाड्यांचा जुनाच रिवाज.

मराठी राज्यकर्त्यांनाही या खेळाचे वेड होते. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या दरबारात १८६० च्या दशकात लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी आला होता. मुठीत शिंगाच्या नख्या अडकवून होणाऱ्या तिथल्या लढतींचे त्याने वर्णन केले आहे. लढणारे भांगेच्या अमलाखाली असत आणि एकजण पार निकामी होईपर्यंत लढत चाले. ते दृश्य पाहून आपल्याला किळस आली, हे त्याने लपवलेले नाही. त्या मानाने म्हैसूरचा आजचा एक थेंब म्हणजे बराच लांबचा पल्ला.

आता याच शहरातली दुसरी गोष्ट. जुलै २०२२ मध्ये बंगळूरला राज्य पातळीवरची किकबॉक्सिंग स्पर्धा झाली. म्हैसूरचा २३ वर्षांचा एक तरुण त्यात उतरला होता. हातात मोजे होते, रेफरी होता, भोवती दोरखंड होते. प्रतिस्पर्ध्याचा एक ठोसा चेहऱ्यावर बसला आणि तो जागच्या जागी कोसळला. पुन्हा शुद्धीवर आला नाही. काही दिवसांतच रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. स्पर्धेच्या जागी वैद्यकीय मदतीची पुरेशी सोय नव्हती, अशी तक्रार त्याच्या वडिलांनी पोलिसांत केली. त्या ठोशाची चित्रफीत तेव्हा देशभर पाहिली गेली. ती पाहताना अंगावर काटा येतो तो ठोशाच्या जोरामुळे नव्हे. तसे ठोसे रिंगमध्ये रोज बसतात. काटा येतो तो त्यानंतरच्या निश्चलपणामुळे.

राजवाड्यातल्या लढतीत धोका डोळ्यांना दिसतो, लाल रंगाचा असतो. मोज्यांच्या लढतीत तो कवटीच्या आत घडतो आणि बाहेर कोणाला काही दिसत नाही. ‘ठोसा पचवणे’ म्हणून ज्याचे कौतुक होते, त्याची खरी गोष्ट इथून सुरू होते.

हनुवटीचे गणित

‘त्याची हनुवटी भक्कम आहे’ असे मुष्टियुद्धाच्या जगात म्हणतात. यात हनुवटीच्या हाडाचा वाटा फार थोडा असतो. दार बिजागरीजवळ ढकलले तर जोर लावावा लागतो, कडीजवळ एका बोटाने फिरते. हनुवटी ही डोक्याची कडीकडची बाजू. तिच्यावर बाजूने ठोसा बसला की डोके मानेच्या खुंट्यावर गर्रकन फिरते. आणि फिरते म्हणूनच माणूस कोसळतो.

मेंदूचे वजन साधारण १४०० ग्रॅम. तो मऊसर असतो आणि कवटीत द्रवावर तरंगत असतो. दह्याची बरणी हिसका देऊन फिरवली तर बरणी आधी फिरते, दही मागे राहते. मेंदूचेही तसेच होते. कवटी फिरते, मेंदू क्षणभर मागे राहतो, त्यातले बारीक तंतू ताणले जातात. सरळ समोरून बसलेल्या ठोशापेक्षा असा फिरवणारा ठोसा जास्त वाईट, तो यामुळे. आपण ‘डोळ्यांपुढे काजवे चमकले’ म्हणतो ना, तो नुसता वाक्प्रचार नाही. धक्का बसल्यावर दृष्टीच्या यंत्रणेतल्या पेशी प्रकाश नसतानाही खरोखरच चेततात.

पुढचे काम रसायनांचे. ताणलेल्या पेशींतले पोटॅशियम बाहेर पडते, बाहेरचे कॅल्शियम आत शिरते. ही घडी पूर्ववत बसवायला पेशींना एकदम जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. मागणी वाढली, पुरवठा आटला. ही ओढाताण काही सेकंदांत मिटत नाही, तिला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. माणूस उठून उभा राहिला, हसला, त्याने हात वर केले, तरी आतली ओढाताण चालूच असते. त्या काळात डोक्याला दुसरा मार बसला तर एरवी किरकोळ ठरला असता असा ठोसाही घातक ठरू शकतो. त्यात मेंदूच्या पृष्ठभागावरून आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरांपैकी एखादी तुटली, तर रक्त साचत जाते आणि मेंदू दाबला जातो. रिंगमधले बरेच मृत्यू असे झालेले आहेत.

मग काही जण खरेच इतरांपेक्षा जास्त मार कसा सोसतात? यात मानेचा वाटा आहे. जाड, बळकट मान डोक्याला फिरू देत नाही. आपले पहिलवान पालथे होऊन डोक्यावर पूल घालतात, मानेवर जोडीदाराला बसवतात, त्यामागे हेच शहाणपण. दुसरी गोष्ट नजरेची. येणारा ठोसा दिसला तर मान आपोआप आवळली जाते, हनुवटी छातीकडे जाते, डोके ठोशाच्याच दिशेने थोडे सरकते. न दिसलेला ठोसा सैल मानेवर बसतो. ‘आपल्याला आडवे करतो तो न दिसलेला ठोसा’ असे जाणते मुष्टियोद्धे सांगतात, ते शास्त्रालाही पटणारे आहे. तिसरी गोष्ट उपजत. एकाच वजनाच्या, एकाच तालमीतल्या दोघांपैकी एक पडतो आणि दुसरा पडत नाही, याचे पूर्ण उत्तर व्यायामात नाही.

पोटाचे स्नायू मेहनतीने फळीसारखे होतात. खांदे, मान, पाय तयार होतात. मेंदूला मात्र मार खायची सवय लावता येत नाही. सरावात रोज डोक्यावर ठोसे खाऊन ‘हनुवटी पक्की’ करायची जुनी पद्धत होती. त्यातून पक्के काहीच होत नसे, उलट खर्चच व्हायचे.

दहा आकड्यांत काय होते

हेवीवेट गटात वजनाला वरची मर्यादा नसते. व्यावसायिक मुष्टियुद्धात २०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ९१ किलोच्या पुढचे बहुतेक सगळे एकाच रांगेत. त्यामुळे शंभर-सव्वाशे किलोचा माणूस आपले सगळे वजन एका मुठीमागे लावतो. गंमत अशी, की रिंगमधले अनेक गाजलेले मृत्यू हलक्या गटांतले आहेत. १९८२ मध्ये कोरियाचा किम डुक-कू गेला तो लाइटवेट होता आणि त्यानंतर जागतिक लढती १५ फेऱ्यांवरून १२ वर आणायला सुरुवात झाली. हलक्या गटांत वजन उतरवण्यासाठी खेळाडू अंगातले पाणी आटवतात, फेऱ्याही जास्त काळ रंगतात. हेवीवेटमध्ये बहुधा एकच ठोसा निकाल लावतो. पण निकाल लागला नाही तर जे होते, ते पाहण्यासारखे असते.

२८ सप्टेंबर १९७९, लास व्हेगास. जगज्जेता लॅरी होम्स आणि एर्नी शेव्हर्स. शेव्हर्सइतका जबर मारणारा त्या काळात क्वचितच कोणी असेल. सातव्या फेरीत त्याचा उजव्या हाताचा ठोसा बसला आणि होम्स पाठीवर आदळला. खेळ संपला असेच सगळ्यांना वाटले. होम्स उठला. पाय लटपटत होते, पण त्याने ती फेरी काढली आणि अकराव्या फेरीत लढत जिंकली.

१ डिसेंबर २०१८, लॉस एंजेलिस. बाराव्या आणि शेवटच्या फेरीत डिऑन्टे वाइल्डरच्या दोन ठोशांनी टायसन फ्युरी असा पडला की जणू झोपलाच. रेफरी जॅक रीस गुडघ्यावर बसून आकडे मोजू लागला. नऊवर फ्युरी उभा होता. रीसने त्याला नुसते ‘ठीक आहेस ना’ विचारून सोडले नाही. बाजूला चालत जाऊन परत यायला सांगितले. तो सरळ चालत आला तेव्हाच लढत पुढे गेली आणि बरोबरीत सुटली.

दहा आकड्यांचा हा नियम १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांपासूनचा. दहा सेकंदांत काय घडते? मेंदूच्या मुळाशी, जिथून जागेपणाचा कारभार चालतो, तिथली बंद पडलेली यंत्रणा पुन्हा सुरू होते. पायांचा तोल त्यानंतर येतो. म्हणून मुरलेला योद्धा शुद्ध आली तरी लगेच उठत नाही. एक गुडघा टेकून आठापर्यंत श्वास घेतो. अननुभवी पोरगा शरमेने दोनलाच ताडकन उभा राहतो आणि पुन्हा पडतो. १९२७ मध्ये शिकागोत जीन टनी जॅक डेम्प्सीच्या ठोशाने पडला, तेव्हा डेम्प्सी ठरलेल्या कोपऱ्यात वेळेवर गेला नाही म्हणून रेफरीने आकडे उशिरा सुरू केले. टनीला दहाऐवजी तेरा-चौदा सेकंद मिळाले आणि तो जिंकला. त्या तीन-चार सेकंदांवर अजूनही वाद घातला जातो.

उठल्यावरची युक्तीही ठरलेली असते. प्रतिस्पर्ध्याला मिठी मारायची, त्याचे हात अडकवायचे, घंटेपर्यंत वेळ काढायची. मग कोपऱ्यात एक मिनिट. तिथे थंड धातूची पट्टी सुजेवर दाबतात, जखमेवर औषध लावतात, पाणी देतात. एके काळी नाकाशी नवसादराचे उग्र द्रव्य धरत. आपल्याकडे घेरी आलेल्याला कांदा फोडून हुंगवतात, त्यातलाच प्रकार. त्यावर पुढे बंदी आली, आणि ती योग्यच होती. अशा वासाने माणूस दचकून जागा होतो, मेंदू दुरुस्त होत नाही. जागा झालेला पण बरा न झालेला माणूस पुन्हा ठोशांपुढे उभा करण्यात काय शहाणपण?

कॅनडाचा जॉर्ज शुव्हालो तर ९३ लढतींत एकदाही जमिनीवर पडला नाही. त्याच्यासमोर मुहम्मद अली, जो फ्रेझियर, जॉर्ज फोरमन उभे होते. लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. पण पडणे ही एका अर्थाने शरीराने स्वतःला दिलेली रजा असते. जो पडतच नाही, तो सगळे ठोसे उभ्यानेच घेतो.

ठोशांची उधारी

किन्शासा, ३० ऑक्टोबर १९७४. मुहम्मद अलीने दोरांना पाठ लावून फोरमनला मारू दिले, मारू दिले आणि दमवले. आठव्या फेरीत फोरमन पडला. हा डाव क्रीडा-इतिहासातला सर्वांत चतुर डाव म्हणून आजही सांगितला जातो. पण ‘मार खाऊन जिंकता येते’ हा शोध अलीला फार महागात पडला असावा. १ ऑक्टोबर १९७५ ला मनिलात फ्रेझियरशी चौदा फेऱ्या. १९७७ मध्ये पंधरा फेऱ्या त्याच एर्नी शेव्हर्सशी. त्या लढतीनंतर अलीचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी मूत्रपिंडाच्या तपासणीचा वाईट अहवाल अलीकडे धाडला आणि आता थांबा म्हणून सांगितले. उत्तर आले नाही. पाचेको यांनी काम सोडले. ऑक्टोबर १९८० मध्ये अडतीस वर्षांचा अली होम्ससमोर उभा राहिला. हळवे झालेले पाय, सावकाश हात. दहाव्या फेरीनंतर त्याच्या कोपऱ्याने लढत थांबवली. १९८४ मध्ये कंपवाताचे निदान झाले. हा विकार ठोशांमुळेच जडला का, यावर डॉक्टरांचे एकमत नाही, पण ठोशांचा वाटा नाकारणारेही थोडेच. २०१६ मध्ये अली गेला.

मनिलाच्या त्या लढतीत फ्रेझियरच्या कोपऱ्यात एडी फच नावाचा प्रशिक्षक होता. चौदा फेऱ्या झाल्या होत्या, एकच उरली होती. फ्रेझियरचा एक डोळा पार सुजून बंद, दुसऱ्याने धड दिसत नव्हते. तो पंधराव्या फेरीसाठी उठत होता. फचने त्याला खाली बसवले आणि लढत सोडून दिली. फ्रेझियर रागावला. अलीच्या कोपऱ्यातही तेव्हा काही बरी अवस्था नव्हती, कदाचित फ्रेझियर जिंकलाही असता. मुष्टियुद्धाच्या सगळ्या पराक्रमकथांत ही एका नकाराची कथा जरा बाजूला पडते. खरे तर ती पहिल्या पानावर हवी.

जेरी क्वॉरी हा त्याच पिढीतला. गोरा, देखणा, कोणालाही न भिणारा. पन्नाशीत पोहोचेपर्यंत त्याची स्मृती गेली, कपडे घालायला, खायला दुसऱ्याची मदत लागू लागली. १९९९ च्या जानेवारीत तो गेला तेव्हा ५३ वर्षांचा होता.

फ्लॉइड पॅटर्सनची हकीकत तर कथेत शोभावी अशी. १९५९ मध्ये इंगेमार योहान्सनने त्याला एकाच फेरीत सात वेळा पाडले. सातही वेळा तो उठला. पुढच्याच वर्षी त्याने योहान्सनला हरवून पदवी परत मिळवली, हेवीवेटमध्ये हे तोवर कोणालाच जमले नव्हते. सर्वांत जास्त वेळा पडलो असेन, पण सर्वांत जास्त वेळा उठलोही मीच, असे तो अभिमानाने म्हणे. पुढे तो न्यूयॉर्क राज्याच्या मुष्टियुद्ध आयोगाचा अध्यक्ष झाला. कोणाला लढायला परवानगी द्यायची, कोणाला नाही, हे ठरवणारी ती खुर्ची. १९९८ मध्ये एका खटल्यात त्याची साक्ष चालू होती. १९५६ मध्ये कोणाला हरवून तू जगज्जेता झालास, या प्रश्नावर तो अडखळला. आर्ची मूर हे नाव त्याला आठवेना. थोड्याच दिवसांत त्याने राजीनामा दिला. २००६ मध्ये तो वारला.

डॉक्टरांना हे पूर्वीच कळले होते. १९२८ मध्ये हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टराने जुन्या मुष्टियोद्ध्यांच्या झोकांड्या, जड जीभ आणि विसराळूपणावर निबंध लिहिला. १९७३ मध्ये इंग्लंडच्या कॉर्सेलिस यांनी १५ निवृत्त योद्ध्यांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले आणि त्यांतली झीज दाखवून दिली. नुसत्या नॉकआउटांची संख्या महत्त्वाची नसून लहानमोठ्या सगळ्या ठोशांची बेरीज महत्त्वाची, हेही हळूहळू स्पष्ट झाले. अर्थात ही उधारी प्रत्येकाकडून सारखी वसूल होत नाही. ज्या फोरमनला अलीने पाडले, तो १९९४ मध्ये वयाच्या ४५ व्या वर्षी पुन्हा जगज्जेता झाला आणि २०२५ मध्ये वारला तोवर खणखणीत बोलत असे. कोण अली होईल आणि कोण फोरमन, हे आधी सांगता येत नाही. अडचण हीच आहे.

तेरा टाके

भारतात हेवीवेट मुष्टियोद्धे घडवले ते मुख्यतः लष्कराने. हवा सिंग यांनी १९६६ आणि १९७० अशा दोन आशियाई स्पर्धांत सुवर्ण जिंकले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणारे कौर सिंग १९८० मध्ये दिल्लीत साक्षात अलीशी चार फेऱ्यांची प्रदर्शनी लढत खेळले होते. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्येही आज मुष्टियुद्धाचे प्रशिक्षण चालते.

टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ मध्ये, सतीश कुमार सुपर हेवीवेट गटात उतरला. या गटात ऑलिंपिक गाठणारा तो पहिला भारतीय. उपान्त्यपूर्व लढतीत समोर उझबेकिस्तानचा जगज्जेता जालोलोव्ह होता. आधीच्या सामन्यात सतीशच्या चेहऱ्याला जखमा होऊन तेरा टाके पडले होते. घरच्यांनी नको म्हटले तरी तो उतरला. हरला. जालोलोव्हनेही त्याची पाठ थोपटली आणि देशभर त्याच्या जिगरीचे कौतुक झाले.

कौतुक रास्तच. पण टाके ही त्यातली दिसणारी बाजू. कातडी दहा दिवसांत सांधते. १९८४ च्या ऑलिंपिकपासून खेळाडूंच्या डोक्यावर शिरस्त्राण आले होते, ते २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या डोक्यावरून उतरले. शिरस्त्राणाने जखमा कमी होतात, पण डोके फिरायचे थांबत नाही, हे लक्षात आले होते. मोज्यांचेही तसेच. ते मारणाऱ्याची बोटे वाचवतात. उघड्या मुठीने कवटीवर मारले तर हातच मोडतो. मोजे आले आणि डोक्यावर पुन्हा पुन्हा मारणे सोयीचे झाले.

खरे संरक्षण नियमांत आहे. डोक्यावरच्या मारामुळे लढत थांबली तर किमान ३० दिवस रिंगबंदी, तीन महिन्यांत दुसऱ्यांदा तसे झाले तर ९० दिवस, वर्षात तिसऱ्यांदा झाले तर पूर्ण वर्ष, असा हौशी मुष्टियुद्धातला दंडक आहे. सरावात डोक्यावर मार घेण्यावरही या काळात बंदी. कागदावर हे उत्तम. पण तालुक्याच्या गावी मंडप घालून होणाऱ्या स्पर्धेत हे पुस्तक कोण उघडतो? बक्षिसाची ढाल आधी येते, रुग्णवाहिका नंतर. कधी येतही नाही. पोराने कराटे, किकबॉक्सिंग, मुष्टियुद्ध शिकावे, त्याने अंगात रग आणि शिस्त येते, हे खरेच आहे. मात्र स्पर्धेच्या अर्जावर सही करताना आईवडिलांनी दोन प्रश्न विचारायला संकोच करू नये. रिंगजवळ डॉक्टर असणार का? आणि दारात रुग्णवाहिका उभी असणार का? उत्तर गुळमुळीत आले तर अर्ज परत घ्यावा.

त्या रात्री घरी

डोक्याला मार काही फक्त रिंगमध्येच बसत नाही. कबड्डीत गुडघा लागतो, क्रिकेटचा चेंडू कपाळावर बसतो, मल्लखांबावरून हात सुटतो, स्कूटर घसरते. आपल्याकडे आजी म्हणायची, मारायचे तर पाठीत मार, डोक्यात नको. आजीला कॅल्शियम-पोटॅशियम ठाऊक नव्हते, पण तिचे बरोबर होते.

मार बसल्यावर मूल थोडा वेळ गोंधळले, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागले, मार कसा बसला हे त्याला आठवत नसेल, तर त्या दिवशीचा खेळ तिथेच थांबवावा. ‘काही नाही झाले, ऊठ, मर्दासारखा खेळ’ हे वाक्य गिळावे. डोकेदुखी वाढत जाणे, पुन्हा पुन्हा उलटी, वाढती गुंगी, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे, बोलण्यात जडपणा, हातापायात कमजोरी, आकडी, नाका-कानातून पातळ पाणी किंवा रक्त, यांतले एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नये, रात्री दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठावे. साचणारे रक्त सुरुवातीला गप्प असते. मार बसल्यावर मूल चांगले जेवले, गप्पा मारल्या आणि तीन-चार तासांनी ढेपाळले, असे घडू शकते. रिंगमध्येही हाच धोका असतो. लढत संपल्यावर, कपडे बदलायच्या खोलीत योद्धा कोसळल्याची उदाहरणे कमी नाहीत.

वरवर बरे वाटले तरी पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू चालणे, अभ्यास, हलका व्यायाम, आणि लक्षणे पूर्ण गेल्यावर डॉक्टरांच्या परवानगीनेच पुन्हा मैदान. दूरदर्शन आणि मोबाइलचा मारा त्या दिवसांत कमी ठेवावा. मधल्या काळात स्पर्धेची अंतिम फेरी आली तर ती जाऊ द्यावी. पोर चिडेल. फ्रेझियरही फचवर चिडला होता.

म्हैसूरच्या राजवाड्यात लढतीपूर्वी जेट्टींची निवड होते. महिनाभर तालीम चालते, पथ्य पाळले जाते. लढतीच्या दिवशी उस्ताद दोघांच्या जवळ उभा असतो आणि त्याची नजर हातांवर नसते, डोक्यांवर असते. थेंब दिसला की तो मध्ये पडतो. दोघे आवेशात असतात, त्यांना तो दिसलेलाही नसतो. कधी कधी ज्याच्या डोक्यातून रक्त येते तो उस्तादाचा हात बाजूला सारू पाहतो. उस्ताद तो हात घट्ट धरून ठेवतो. मग जखमेवर औषध लावले जाते आणि बाहेर हत्तीवर अंबारी चढवायची तयारी सुरू होते.